मुदतवाढीचे दोन अर्ज

आमच्याकडे 'कॉपी' या शब्दाला एकच अर्थ आहे. परीक्षेच्या दिवसांत खिडकीतून आत येते ती कॉपी, बाहीत लपते ती कॉपी, आणि भरारी पथकाची जीप गेटात शिरली की संडासाच्या मागे ढिगाने सापडते तीही कॉपीच. आणि आमच्या कॉलेजच्या सर्व्हरच्या पडद्यावर, उजव्या हाताला खाली, बारीक पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत 'इव्हॅल्युएशन कॉपी' असं लिहिलेलं होतं. ते प्राचार्यांच्या नजरेला पडलं तेव्हा काय झालं असेल, हे मानवत-पाथरीकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. बाकीच्यांना सांगते.

मी तेव्हा मानवतच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते, तासिका तत्त्वावर. हे तत्त्व ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. यात माणूस तासावर मोजतात, अकरा महिन्यांनी त्याची मुदत संपते, आणि मग त्याने 'मुदतवाढ मिळणेबाबत' असा अर्ज करायचा असतो. असे अर्ज मी सहा वर्षं केले. विषय तोच, मजकूर तोच, फक्त तारीख बदलायची. त्या वर्षीचा माझा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये दोन महिने पडून होता. विचारायला गेले की सर म्हणायचे, "बघू की मॅडम, काय घाई हाय?" त्यांना घाई नव्हती, हे अगदी खरं होतं.

सर्व्हरचंही तसंच होतं. लॅबमधल्या सगळ्या मशीनींवर मुलं जे काही करतील ते त्या एका सर्व्हरमध्ये जमा व्हायचं, आणि त्या सर्व्हरवरची मूळ सिस्टिमच चाचणीपुरती घेतलेली होती. बनवणारे एकशे ऐंशी दिवस वापरून बघायला देतात. दिवस संपले की एक कमांड देऊन पुन्हा तेवढे दिवस मिळतात, पण ठरावीक वेळाच. ही सवलत त्यांनीच ठेवलेली आहे, त्यात चोरीमारी काही नाही. पक्क्या परवान्याचा प्रस्ताव आमच्याकडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता आणि तोवर मशीन बसवून देणाऱ्या एजन्सीचा माणूस दोनदा येऊन मुदत वाढवून गेला होता. तो काम करायचा तेव्हा मी मागे उभी राहून बघायची. ती कमांड मी डायरीत उतरवून घेतली होती. पाच इंग्रजी अक्षरं, त्यांत एकही स्वर नाही. आमचे शिपाईमामा तिला 'सलमगर' म्हणायचे, निजामाच्या काळचा कुणी तालुकदार असल्यासारखं.

खरं सांगायचं तर मला त्या सर्व्हरचा हेवा वाटायचा. किती दिवस उरले ते त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात रोज लिहून यायचं. लॅब उघडली की मी आधी तो आकडा बघायची, मग पंखा लावायची.

त्या वर्षी पहिल्यांदाच प्रॅक्टिकलचं केंद्र आमच्या कॉलेजला मिळालं. मिळालं कसलं, मी मिळवलं. दोन वर्षं पत्रं लिहिली, लॅबचे फोटो काढून पाठवले, खुर्च्या मोजून कळवल्या. त्याआधी आमच्या मुलांना परभणीला जावं लागायचं. मुलगे जायचे. मुलींच्या घरी मात्र दर वेळी पंचायत बसायची, आणि दर वेळी दोघी-तिघी गैरहजर लागायच्या. मी स्वतः विद्यार्थिनी असताना माझ्या प्रॅक्टिकलची तारीख बदलली होती. नोटीस परभणीत लागली, मी पाथरीत. ठरल्या दिवशी गेले तर लॅबला कुलूप. माझं एक वर्ष त्या कुलपात गेलं, आणि मी ते अजून विसरलेले नाही. तेव्हा हे केंद्र मला हवंच होतं, आणि ते टिकायला हवं होतं.

केंद्र मिळाल्यावर प्राचार्यांना कॉपीची धास्ती बसली. त्यांनी 'कॉपीमुक्त परीक्षा केंद्र' अशा कागदी पट्ट्या छापून घेतल्या आणि दारं, भिंती, पाण्याची टाकी, जिथे जागा दिसली तिथे लावायला सांगितल्या. मग पाहणी करत ते लॅबमध्ये आले. सर्व्हरसमोर थांबले. चष्मा वर केला, खाली केला.

"मॅडम, हे काय लिहिलंय? कॉपी?"

"सर, ती चाचणीची प्रत आहे, म्हणून तसं..."

"ते तुमाला कळतंय, मला कळतंय. पथकाला कळंल का? आपल्या केंद्रावर, पडद्यावर, कॉपी! मामा, पट्टी आना."

मामांनी पट्टी आणली आणि डिंक लावून पडद्याच्या काचेवर बरोबर त्या कोपऱ्यात चिकटवली. 'कॉपी'वर 'कॉपीमुक्त' बसलं. मला हसू आवरेना. पोट दुखेपर्यंत हसले मी त्या दिवशी, घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, पुन्हा हसले. पण त्या पट्टीखाली दिवसांचा आकडाही झाकला गेला होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. दोष सरांना कशाला देऊ? ते प्राचार्य होते, लॅब माझ्याकडे होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी लॅब उघडली, सर्व्हर सुरू केला, आणि थोड्या वेळाने तो आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू केला. चालला. पुन्हा बंद. आमच्याकडे काहीही बंद पडलं की पहिला संशय लाईटवर. पण लाईट होती. मग संशय बॅटरीवर गेला. मामांनी ऑफिसातली बॅटरी उचलून आणून लावली. सर्व्हर पुन्हा चालला आणि पुन्हा बंद पडला. मग कुणी म्हणालं धूळ आहे, कुणी म्हणालं तापतोय. डिसेंबरातल्या थंडीत तो कशाने तापणार होता देव जाणे, पण आम्ही त्याच्यासमोर टेबलफॅन ठेवला. एजन्सीच्या माणसाला फोन केला तर तो लग्नात होता. मागे बँड वाजत होता. "मॅडम, सगळं नव्यानं टाकावं लागंल, चार दिवसांनी येतो," असं म्हणाला आणि पंगतीला गेला असावा.

दुपारी दोनला बाहेरचे परीक्षक आले. व्यवस्था आदल्या दिवशी तपासायची त्यांची पद्धत होती. कडक माणूस, बोलायचं कमी, बघायचं जास्त. त्यांनी खुर्च्या बघितल्या, मशीनी बघितल्या, मुलांचं काम सर्व्हरमध्ये कसं जमा होतं ते दाखवा म्हणाले. मी दाखवायला बसले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सर्व्हर बंद पडला.

"असं किती वेळा झालं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायचं मनात आलं होतं, नाही म्हणत नाही. पण तोंडातून खरंच निघालं. "सकाळपासून चार वेळा, सर."

"परीक्षा तीन तासांची आहे मॅडम. मधेच बंद पडला तर मुलांचं काम जाईल. उद्या दहापर्यंत हा चालू राहतो असं मला दिसलं पाहिजे. नाहीतर मी केंद्र परभणीला न्यायचं पत्र देईन. तारीख आठवड्याने पुढे जाईल." एवढं बोलून ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहाला गेले.

मागच्या रांगेत एक मुलगी सराव करत बसली होती. राणीसावरगावची. मानवतला मावशीकडे राहून शिकायची, पण दसऱ्यानंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि फक्त या परीक्षेसाठी आदल्या रात्रीच्या एस्टीने आली होती. हाताला पाचटाचे ओरखडे, आणि बोटं की-बोर्डवर. तिने सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, तारीख पुढं गेली तर मला न्हाई यायला जमनार," ती म्हणाली. "मुकादमानं दोनच दिवस दिलेत. परवा पुन्ना फडावर जायचंय."

तिच्या जागी मला ते परभणीचं कुलूप दिसत होतं.

मी पाचव्यांदा सर्व्हर सुरू केला आणि समोर बसून राहिले. मामा टेबलफॅन उचलायला आले. कॉलेजच्या तासांची घंटा वाजवायचं काम त्यांचंच, त्यामुळे त्यांचा एक डोळा कायम घड्याळावर असायचा.

"मॅडम, एक सांगू का? मी सकाळधरनं बघायलोय. ह्यो बरूबर एक तास चालायलाय आन् बंद पडायलाय. ना एक मिनिट कमी, ना एक मिनिट जास्त. तुमच्यावानीच झालंय बघा ह्याचं." ते हसले. "ह्यो बी तासिकेवर लागलाय."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी तोंड फिरवलं असतं. त्या टोमण्याची मला सवय होती, आवड नव्हती. पण 'बरूबर एक तास' हे शब्द डोक्यात गेले आणि मी ताडकन उठले. लाईट जाते ती घड्याळ बघून जात नाही. बॅटरी तासावर मरत नाही. बरोबर तासाला बंद पडायला कुणीतरी तसं सांगितलेलं असावं लागतं. चाचणीची मुदत संपली की सर्व्हर दर तासाला स्वतःला बंद करतो, हे त्या एजन्सीच्या माणसाने मला पहिल्याच वेळी सांगितलं होतं, आणि तेही माझ्या डायरीत होतं, कमांडच्या खाली.

मी नखाने पट्टी खरवडायला लागले. डिंक वाळून घट्ट झाला होता. मामांनी ओलं फडकं आणलं. 'कॉपीमुक्त' एकेक अक्षर करून निघालं, आणि खालून 'कॉपी' बाहेर आली, आणि तिच्याखाली आकड्याच्या जागी तीन इंग्रजी शब्द: परवाना संपला आहे.

एवढा आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता. रोग कळला होता! मामांना मी चक्क टाळी दिली. त्यांनी ती घेतली आणि मग संकोचून हात धोतराला पुसला.

पण कमांड द्यायला मुख्य पासवर्ड लागायचा, आणि तो प्राचार्यांच्या कपाटात, लाखेचं सील केलेल्या पाकिटात होता. आधीच्या दोन्ही वेळा एजन्सीच्या माणसासाठी सरांनी, कशाला हवं ते न विचारता, ते स्वतः फोडलं होतं आणि पुन्हा सील केलं होतं. आणि आमच्या कॉलेजात पाकीट तोंडी मागून मिळत नाही. लेखी अर्ज लागतो. मी तिथेच बसून लिहिला: 'विषय: सर्व्हरला मुदतवाढ मिळणेबाबत.' हात इतका सरावलेला होता की आधी 'सर्व्हरला' लिहायचंच राहिलं, ते वर बारीक अक्षरांत घुसवलं.

केबिनमध्ये परीक्षक चहा पीत होते. सरांनी अर्जाचा विषय वाचला आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"मॅडम, केंद्र जायलंय आपलं, आन् तुमाला मुदतवाढीचं सुचायलंय?"

"सर, माझी नाही. सर्व्हरची."

"सर्व्हरची कसली मुदतवाढ?"

मी सांगितलं. पट्टीचंही सांगितलं, परीक्षकांसमोरच. सरांनी अर्ज ट्रेमध्ये टाकला. मग उठून कपाट उघडलं, पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जावा. कागदाचं मी बघतो." जाता जाता परीक्षकांनी मला एक रस्ता सुचवला, बहुधा माझी परीक्षाच बघत होते. सर्व्हरचं घड्याळ मागे का करत नाही, म्हणाले, महिन्याभराने मागे केलं की झालं. "सर, मग मुलांच्या कामावर खोटी तारीख पडेल," मी म्हणाले. ते कप ठेवून माझ्यामागे लॅबमध्ये आले.

आधी मुदतवाढ किती वेळा शिल्लक आहे ते बघितलं. मला वाटलं होतं तीन-चार असतील. एकच होती. एजन्सीच्या माणसाने बसवताना बाकीच्या कुठे उडवल्या कोण जाणे. म्हणजे चुकून भलतंच काही झालं तर दुसरी संधी नव्हती. मी हात पदराला पुसले आणि सलमगर टाइप केलं. पडद्यावर उमटलं ते देवनागरीत, काहीच्या काही. की-बोर्ड मराठीवर राहिला होता. मागून परीक्षकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. की-बोर्ड बदलला, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत पुन्हा टाइप केलं, आणि बटण दाबलं.

छोटी चौकट आली. काम झालं आहे, मशीन पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू व्हायला जी काही मिनिटं लागली त्यांत मी, मामा, परीक्षक आणि ती राणीसावरगावची मुलगी, चौघंही त्या काळ्या पडद्याकडे बघत उभे होतो. मग निळा उजेड आला, आणि कोपऱ्यात स्वच्छ दिसलं: एकशे ऐंशी दिवस.

परीक्षक तरीही पूर्ण तासभर खुर्ची टाकून बसले. तास भरला. मामांनी बाहेर घंटा दिली, आणि सर्व्हर चालूच. आणखी दहा मिनिटं गेली, सर्व्हर चालूच. ते उठले, म्हणाले, "उद्या अकराला प्रश्नपत्रिका आणतो," आणि मुलीकडे बघून, "वेळेवर ये." मी जिंकले होते, आणि ते लपवायचा मी जराही प्रयत्न केला नाही. घरी जाताना पाथरीच्या जीपमध्ये अनोळखी बायांना मी आपणहून जागा करून देत होते.

दुसऱ्या दिवशी तिन्ही तास सर्व्हर ठणठणीत चालला. एकाही मुलाचं काम गेलं नाही आणि एकही मुलगी गैरहजर नव्हती. हजेरीपटावर एकसुद्धा लाल खूण नाही, हे मी तीनदा बघितलं. शेवटी परीक्षक सर्व्हरपाशी वाकले. "केंद्रावर एक कॉपी सापडली," ते गंभीरपणे म्हणाले. प्राचार्यांची पाचावर धारण बसली. मग परीक्षकांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. सरही हसले, जरा उशिराने.

राणीसावरगावच्या मुलीची बस पाचची होती. दारात चपला घालताना ती म्हणाली, "मॅडम, पुढच्या परीक्षेला बी केंद्र हितंच ऱ्हाईल ना? तुमीच असताव ना?"

केंद्राचं मी छातीठोक सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाला नुसती मान हलवली, कारण माझी मुदत त्याच महिनाअखेरीला संपत होती.

ती गेल्यावर मामा एक कागद घेऊन आले. "सायबांनी काल सही केलीय. फायलीला लावा म्हनले." मी पंच काढलं, कागद सरळ केला आणि थांबले. तो सर्व्हरचा अर्ज नव्हता. तो माझा होता. दोन महिने ट्रेमध्ये पडलेला. काल गडबडीत सरांनी 'मुदतवाढ मिळणेबाबत' एवढंच वाचलं होतं, आणि माझ्या नावाखाली लाल शाईत लिहिलं होतं: 'मंजूर. तातडीने मुदतवाढ द्यावी. याविना परीक्षा केंद्र चालणे शक्य नाही.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

मी तो फाईलला लावून गप्प बसू शकले असते. क्षणभर बसलेही. पण काल खोटी तारीख नको म्हणून मीच मिजाशीत सांगितलं होतं. कागद घेऊन केबिनमध्ये गेले आणि सरांपुढे ठेवला.

"सर, हा सर्व्हरचा नाही. माझा आहे."

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. स्वतःचं लाल अक्षर सावकाश वाचलं. मग ट्रेमध्ये हात घालून सर्व्हरचा अर्ज शोधला, तो बिनसहीचा निघाला. दोन्ही कागद त्यांनी शेजारी ठेवले.

"सही तर माजीच हाय," ते म्हणाले.

"हो सर."

"मजकुरात काय चूक हाय का?"

मी तो लाल मजकूर पुन्हा वाचला. "नाही सर."

"मग ऱ्हाऊ द्या की." त्यांनी माझा अर्ज माझ्याकडे सरकवला आणि सर्व्हरचा परत ट्रेमध्ये टाकला.

तो अजून तिथेच असेल. एकशे ऐंशी दिवस भरायच्या आत मी पक्का परवाना आणवून घेतला आणि पडद्यावरून 'कॉपी' कायमची गेली. पुढच्या परीक्षेला राणीसावरगावची मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन लॅबच्या दारात उभी होती. कुलूप मी काढलं.